डोंगरी सायकलीचे झिजलेले सांधे

दगडधोंड्यांच्या उतारावर मागचे चाक मोकळेपणी वरखाली व्हावे आणि स्वाराचा तोल मात्र ढळू नये, म्हणून दोन्ही चाकांना शॉकअॅब्सॉर्बर असलेल्या डोंगरी सायकलीच्या फ्रेमचा मागील भाग पुढील भागाशी अनेक सांध्यांनी जोडलेला असतो, आणि त्या प्रत्येक सांध्यात सामान्यतः दोन पोलादी कड्यांमध्ये छर्रे भरलेले बेअरिंग असते. पॅरिसच्या झ्यूल स्यूरिरेने १८६९ मध्ये छर्र्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी पॅरिस ते रूआं ही शर्यत जेम्स मूरने तशाच बेअरिंगच्या सायकलीवर जिंकली, तेव्हा त्या बेअरिंगचे काम अखंड फिरत राहण्याचे होते. सांध्यातील बेअरिंगच्या वाट्याला मात्र काही अंशांचे हेलकावेच येतात. त्यामुळे तेच ते छर्रे त्याच त्या जागी आघात सोसतात, ग्रीस बाजूला सारले जाते, कडीत सूक्ष्म खळगे पडतात आणि रबरी झाकणातून शिरलेला चिखल उरलेले काम पुरे करतो. यास्तव पुष्कळ कारखानदार सांध्यांसाठी छर्रे विलग ठेवणारा पिंजरा नसलेले, छर्र्यांनी गच्च भरलेले बेअरिंग योजतात.

शॉक जागेवर असताना त्याच्या दाबाखाली सांध्याची झीज बेमालूम लपते. म्हणून चाक आणि शॉक दोन्ही उतरवून मागचा भाग सावकाश वरखाली करावा. हाताला खरखर जाणवली, मधेच अडखळल्यासारखे वाटले अथवा आडवे हलवताच सांधा डुगडुगला, तर बेअरिंग बदलण्यास हयगय करू नये. बोल्ट काढताना प्रत्येक वॉशरची जागा आणि बाजू यांची नोंद ठेवावी. नव्या बेअरिंगचा तपशील जुन्याच्या झाकणावर किंवा कडीवर बहुधा कोरलेला असतो; ६९०२ हा आकडा असेल, तर आतील व्यास १५, बाहेरील २८ आणि जाडी ७ मिलिमीटर.

या कामाचे सारे मर्म जोर कोठे द्यावा यात आहे. जुने बेअरिंग ओढून काढताना आतील कडीवर ताण पडला तरी हरकत नाही, कारण ते पुन्हा वापरायचे नसते. परंतु नवे बेअरिंग स्क्रूच्या दाबयंत्राने बसवताना दाब बाहेरील कडीवरच, आणि तोही सरळ, आला पाहिजे. आतील कडीवर दिलेला दाब छर्र्यांतून पलीकडे जातो आणि बेअरिंग पहिल्या फेरीपूर्वीच निकामी होते. हातोडीचा मोह याच कारणासाठी आवरावा. शेवटी कारखान्याने नेमून दिलेल्या टॉर्कइतकेच बोल्ट आवळावेत, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर ते पुन्हा तपासावेत.

बेअरिंग ही बदलण्यासाठीच योजलेली वस्तू आहे. परंतु ढिल्या सांध्यावर सायकल दामटत राहिल्यास ज्या भोकात ते बसते ते भोकच लंबगोल होते, आणि मग त्यावर सहसा फ्रेमचा तो भाग बदलण्यावाचून इलाज उरत नाही.