दम कोंडल्यावर रक्तात काय होतं?

उन्हाळ्यात पोरं विहिरीवर पैजा लावतात, "पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो?" चांगलं पोहणारं पोरही यात दगावू शकतं. कसं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

दक्षिण कोरियात जेजू बेट आहे. तिथल्या बाया समुद्रात बुडी मारून शिंपले, शेवाळ काढतात. त्यांना 'हेन्यो' म्हणतात. पाठीला ऑक्सिजनची टाकी नसते. सुमारे १० मीटर खोल जायचं, साधारण एक मिनिट दम धरायचा आणि वर यायचं. कितीतरी जणी साठी ओलांडलेल्या आहेत. २०१६ साली युनेस्कोने ही परंपरा सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

करोनात आपण बोटाला ऑक्सिमीटर लावत होतो. निरोगी माणसाचा आकडा ९५ ते १०० असतो. दम धरल्यावर तो लगेच पडत नाही, कारण फुफ्फुसातली हवा पुरत असते. हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांकडचं रक्त कमी करून शरीर मेंदू आणि हृदय सांभाळतं. त्यानंतर मात्र आकडा उतरू लागतो.

आता खरी गोम ऐका. जीव घाबरा होतो तो मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून नाही, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. तो आपला राखणदार आहे. पोरं बुडीआधी भराभरा श्वास घेतात, तेव्हा ऑक्सिजन फारसा वाढत नाही. राखणदार तेवढा हाकलला जातो. मग घुसमट जाणवतच नाही, ऑक्सिजन संपत जातो आणि पोर पाण्यातच बेशुद्ध होतं. ना हाक, ना धडपड.

खोल बुडीत आणखी एक धोका असतो. खाली पाण्याच्या दाबामुळे फुफ्फुसातला ऑक्सिजन रक्तात नीट जातो. वर येताना दाब उतरतो, आणि पृष्ठभागाजवळ आल्यावरच शुद्ध हरपते.

म्हणून पोरांना बजावा: दम धरायची पैज नको, बुडीआधी भराभरा श्वास नको, एकट्याने पाण्यात उतरणं नको. हेन्योसुद्धा एकमेकींच्या सोबतीनेच जातात.

कुणी बुडताना दिसलं तर ओरडून माणसं जमवा. दोर, साडी, रिकामा कॅन टाका. आपण उडी घेऊ नका. बाहेर काढलेल्याला उलटं धरू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन करा. मेंदू ऑक्सिजनविना काही मिनिटंच तग धरतो.

पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगाल ना?