बोट न लावता चालणारा टॅब

टॅब चार्जिंगला लावला की स्क्रीन वेड्यासारखी वागते, नको ती ॲप्स आपोआप उघडतात आणि डिस्प्ले बदलायचा सल्ला लगेच मिळतो. एवढी घाई नको. ही स्क्रीन बोटाचा दाब मोजत नाही; बोट टेकल्यावर विद्युतधारितेत होणारा अतिसूक्ष्म बदल टिपते. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट या मोजणीत मिसळला, की नसलेला स्पर्शही तिला जाणवतो. म्हणून आधी पिन काढून पाहा. त्रास तिथल्या तिथे थांबला, तर संशय चार्जरवर किंवा केबलवरच घ्यायला हवा. चार्जिंग नसतानाही असं होतं, असं कुणी म्हणेल. तेही खरंच, मग स्क्रीन कोरडी पुसा, स्क्रीनगार्ड काढून बघा. मात्र काच कडेला उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली असावी. ती काच दाबू नका, टॅब चार्जिंगला लावू नका. टॅब बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या.