डॉक्टरकडे गेले तर पोलीस येतात का?



वर्षावासात दर रविवारी वंदना झाली की आम्ही मुलांना आणि मुलींना वेगवेगळे बसवून तासभर आरोग्यावर बोलतो. तोंडाने कोणी विचारत नाही, म्हणून बिस्किटाच्या डब्याला चीर पाडून प्रश्नपेटी केली आहे. मुलांच्या चिठ्ठ्या बहुतेक स्वप्नदोषाच्या. त्यात दोष काही नाही, वीर्य गेल्याने अंगातली ताकद जात नाही, एवढे ऐकले तरी त्यांचे चेहरे खुलतात. मुलींच्या चिठ्ठ्या अंगावरून पांढरे जाण्याच्या. पातळ, बिनवासाचे पाणी दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत वाढणे नैसर्गिक आहे. दह्यासारखे, खाज सुटणारे किंवा घाण वासाचे असेल तर औषध लागते.

एका रविवारी मात्र वहीच्या कोपऱ्यावर लिहिलेली चिठ्ठी निघाली. "दीड महिना झाला पाळी नाही. घरी सांगता येत नाही. डॉक्टरकडे गेले तर पोलीस येतात का?" खाली नाव नव्हते. आम्ही शोधले नाही. शोधले असते तर पेटीत पुन्हा चिठ्ठी पडली नसती. त्याच दिवशी सगळ्या मुलींसमोर उत्तर दिले. इथे सविस्तर लिहितो, कारण असा प्रश्न एकीचाच नसतो.

पोरी, पाळी चुकली म्हणजे दिवस गेलेच असे नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होते. रक्त कमी असणे, वजन एकदम घटणे-वाढणे, थायरॉइड, यानेही लांबते. पण संबंध आला असेल तर वाट बघत बसू नकोस. 'निश्चय' किट आशाताईंकडे मिळते. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकायचे. दोन रेघा आल्या तर दिवस गेले. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासायचे.

आता हिशेब. गर्भाचे आठवडे संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. इथेच मुली चुकतात. तुझा दीड महिना शेवटच्या पाळीपासूनचा असेल तर सहा आठवडे झाले. पण पाळीची तारीख उलटून दीड महिना झाला असेल तर आधीचे चार धरून दहा. हा फरक मोठा आहे. गर्भपाताच्या गोळ्या आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंतच देतात, त्याही डॉक्टरच्या देखरेखीखाली. मेडिकलवाल्याकडून गुपचूप आणून घेतल्या तर गर्भाचा काही भाग आत राहू शकतो. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. कोणी घेतल्याच असतील आणि लागोपाठ दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, तर लाज बाजूला ठेवून दवाखाना गाठा. पपई, काढा, पोट चोळणे यांच्या नादी लागू नका.

पोलिसांचे आता. खोटा दिलासा आम्ही देणार नाही. अठरा वर्षांखालील मुलीचा संबंध, तिच्या मर्जीने असला तरी, पॉक्सो कायद्यात गुन्हा आहे आणि कलम १९ प्रमाणे डॉक्टरला तो कळवावाच लागतो. पण २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की कायद्याप्रमाणे गर्भपात करून घेताना मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने त्या माहितीत तिचे नाव, ओळख देण्याची गरज नाही. हे सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक असते असे नाही, म्हणून आपल्याला ठाऊक हवे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. २० पर्यंत एका डॉक्टरचे मत लागते, पुढे दोघांचे. संमती पालकाची लागते. पण या कायद्यात पालक म्हणजे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती. आजीकडे राहणाऱ्या मुलीला वडिलांचीच सही हवी असे नाही. जबरदस्ती झाली असेल तर गोष्ट वेगळी: तक्रार हा तुझा हक्क आहे, आणि तक्रार नोंदवायच्या आधीही दवाखान्याने मोफत उपचार द्यायलाच हवेत. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी दिवस राहणे टाळते. ती गर्भपाताची गोळी नव्हे.

पोलिसांची हीच भीती लग्न झालेल्या मुलींनाही मारते. आम्ही प्रसूती कक्षात नोकरीला असताना ऊसतोडीच्या फडातून एक मुलगी आणली. कार्डावर वय १९. पाय सुजलेले, डोके ठणकणारे, रक्तदाब १६० वर ११०. अर्ध्या तासात तिला झटका आला. सासू मागाहून बोलली, वय सोळा होते. खरे वय सांगितले तर केस होईल म्हणून नाव नोंदवले तेच सातव्या महिन्यात. आधी आली असती तर वाढलेला दाब वेळीच सापडला असता. ती वाचली, बाळ गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जवळपास २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, परभणीत ४८. कोयता जोडीचा लागतो, उचल जोडीला मिळते, म्हणून फडावर जायच्या आधी लग्ने उरकतात.

विहारात हे विषय कशाला, असे एका काकांनी विचारले. आम्ही त्यांना १९३४ चा खटला सांगितला. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील बाबासाहेब होते. कर्व्यांना दंड झाला. ते प्रश्न आणि आमच्या डब्यातल्या चिठ्ठ्या यांत फार अंतर नाही. २००७ मध्ये तर आपल्याच राज्यात शाळेतले लैंगिक शिक्षण गदारोळ करून थांबवले गेले. काका काही बोलले नाहीत, पण पुढच्या रविवारी नातीला घेऊन आले.

आयांनो, मुलीने असे काही सांगितले तर "कोण होता तो?" हे आधी नको. "शेवटची पाळी कधी आली होती?" हे विचारा, तारीख लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. तिथे १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असते. नाव आपल्या ओळखीचेच. घरात कोणालाच सांगता येत नसेल, तर १०९८ हा क्रमांक मुलांसाठी चोवीस तास आणि मोफत चालू असतो.