पंखवालं चाक आणि पबमधलं जेवण

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात रविवारी सायकल क्लबांची टोळकी झुडपांच्या कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यांवर निघतात. मागून मोटार आली की शेवटचा गडी 'कार बॅक!' ओरडतो आणि सगळे एका रांगेत येतात. दुपारी पबात पाव, चेडर, मुरवलेला कांदा. सोबत बिअर, पण बेतानं बरं का!

प्रथा जुनी आहे. १८७८ साली सुरू झालेला सायकलिस्ट्स टूरिंग क्लब पसंतीच्या खाणावळींवर पंखवाल्या चाकाची पाटी लावायचा. सरेतल्याच रिपली गावचं 'द अँकर' तर सायकलवाल्यांची पंढरीच!

जवळच्या ऑकम गावच्या 'होबॉय' या खाणावळीवरही ती पाटी होती. तरी १८९८ साली सायकलवरून आलेल्या लेडी हार्बर्टन यांना तिथल्या कॉफी-रूममध्ये जेवण नाकारलं, कारण त्यांनी स्कर्टऐवजी घोळदार विजार घातली होती. क्लबाने मालकिणीला कोर्टात खेचलं; निकाल मात्र तिच्याच बाजूने लागला.