ढग दारात येतो तेव्हा

जुलैत महाबळेश्वरचे पर्यटक पांगतात, घरादुकानांवर ताडपत्र्या चढतात आणि चार हातांवरचं झाड धुक्यात दिसेनासं होतं. हे धुकं म्हणजे खाली टेकलेला ढगच. एरवी त्याला गाठायला विमान लागतं. इथं तो खिडकीशी येतो. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजेच आयआयटीएमनं, २०१२ मध्ये सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरच्या या गावात मेघभौतिकी प्रयोगशाळा उभारली.

इथं शोध घेतला जातो तो कणांचा. वाफेला थेंब व्हायला बसायला जागा लागते: मीठ, धूळ, धूर. स्कॉटलंडच्या जॉन एटकन यांनी १८८० च्या दशकात हे प्रयोगानं दाखवलं. असे कण मोजण्याचं यंत्र म्हणजे ओल्या भिंतींची एक उभी नळी. वरून खाली तापमान वाढत गेल्यानं आतली हवा संपृक्ततेच्या किंचित पलीकडे जाते, जेमतेम ०.१ ते १ टक्का. लायक कणांवर पाणी चढतं आणि तळाशी लेसर ते थेंब मोजतो.

या कणांच्या संख्येवर पावसाचं बरंच काही अवलंबून आहे. ढगातला थेंब साधारण २० मायक्रॉनचा, पावसाचा २ मिलिमीटरचा. व्यास शंभरपट, म्हणजे पाणी दहा लाखपट! एवढं पाणी थेंब एकमेकांवर आदळून, मिसळून गोळा होतं. हवेत कण फार झाले की पाणी तेवढंच राहतं आणि वाटेकरी वाढतात. थेंब बारीक राहतात, आदळणं लांबतं.

पण मुळात हवेत पाणी हवं. महाबळेश्वरहून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटरवर सोलापूर आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. सोलापुरात सहाशेच्या आतबाहेर. सह्याद्री ओलांडून उतरणारी हवा कोरडी होत जाते, हे त्याचं मोठं कारण. हीच पर्जन्यछाया.

या पर्जन्यछायेतच आयआयटीएमच्या ‘कायपिक्स’ या मेघबीजनाच्या मोहिमेनं २०१८ आणि २०१९ मध्ये २७६ ढग तपासले. त्यांतल्या काहींच्या तळाशी, थेंब लवकर मोठे व्हावेत म्हणून, विमानातून पाणी ओढणारे क्षारकण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले. नुसता पाऊस पडला म्हणून श्रेय घ्यायचं नाही, असा हा काटेकोरपणा. वाऱ्याच्या दिशेच्या शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी १८ टक्के जादा पाऊस नोंदला गेला. पण क्षारकण ढग निर्माण करत नाहीत. पाणी धरलेला ढग आधी डोक्यावर यावा लागतो.

तसा ढग नेमका कोणता, हे ओळखायला कणांचे आणि थेंबांचे आकडे लागतात. महाबळेश्वरात पुढचा ढग खिडकीशी आला, की त्याची हवा नळीत ओढली जाते आणि मोजणी सुरू होते.