माल कोण उचलतो?

मागच्या मे महिन्यात आई-नाना आमच्याकडे क्रॉयडनला आले. निफाड तालुक्यात आमची सहा एकर द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी उरकली, बाग भावावर सोपवली आणि नानांनी आयुष्यात पहिल्यांदा विमानात पाय ठेवला. लंडन ब्रिज, राजवाडा, मेणाचे पुतळे हे सगळं चार दिवसांत संपलं. पाचव्या दिवशी नाना खिडकीत बसून म्हणाले, "पोरी, इथं शेती कुठं असते?"

इंग्लंडमध्ये द्राक्षं पिकतात यावर त्यांचा विश्वास बसेना. खरं सांगायचं तर इथे येऊन पाच-सहा वर्षं होईपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं. आज ब्रिटनमध्ये हजाराच्या वर द्राक्षबागा आहेत. त्यातल्या बऱ्याचशा केंट, ससेक्स, सरे, हॅम्पशायर या दक्षिणेकडच्या भागात. इथल्या टेकड्यांच्या पोटात जो पांढरा खडू आहे, तसाच फ्रान्सच्या शॅम्पेन भागातही आहे. म्हणून तर तिथल्या तेतांजे कंपनीने २०१५ मध्ये केंटमध्ये जमीन घेतली. मोठ्या वाइनरींमध्ये रेस्टॉरंट असतं, दुकान असतं, फोटो काढायला गर्दी असते. आम्ही ठरवलं, लहान आणि घरच्या माणसांनी चालवलेल्या बागा बघायच्या. गाडी मी चालवणार, चव घ्यायचं काम नवऱ्याचं. नाना माळकरी, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता.

आधी केंटमधलं बिडेंडन गाठलं. १९६९ पासूनची ही बाग केंटमधली सर्वांत जुनी व्यावसायिक बाग मानली जाते. त्याआधी तिथे सफरचंदं होती. आजही वाइनबरोबर सफरचंदाची सायडर बनते. ऑर्टेगा नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची त्यांची वाइन प्रसिद्ध आहे. वेलींमधून फिरताना नाना दर दहा पावलांवर थांबत. पान उलटं करून भुरी-डावणी आहे का ते बघत, तारेचा ताण बोटाने चाचपत. "मांडव नाही, सगळं ताटीवर," एवढंच म्हणाले.

दुपारी पूर्व ससेक्समधल्या एका अगदीच लहान बागेत गेलो. तिथे फोन करून वेळ घ्यावी लागते. मालकीणबाईंनी नाव छापू नका असं बजावलंय, कारण अंगणात चारच गाड्या मावतात! साठीच्या बाई, चिखलाचे बूट आणि पाठीमागे एक म्हातारा कुत्रा. नानांनी पहिला प्रश्न विचारला, "किती एकर?" मी भाषांतर करायच्या आत त्या म्हणाल्या, "साडेतीन." एकर हे माप दोघांनाही कळत होतं. तिथून पुढे माझी फारशी गरज उरली नाही.

इथे छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडे एप्रिलची वेगळी, ऑक्टोबरची वेगळी. "एकच छाटणी? मग वर्षभर करता काय?" नानांनी विचारलं. बाई हसल्या आणि आम्हाला शेडमध्ये घेऊन गेल्या. तिथे मेणाचे काळवंडलेले पत्र्याचे डबे रचून ठेवले होते. एप्रिलमध्ये डोळे फुटतात, कोवळे कोंब बाहेर येतात आणि नेमका एप्रिलअखेर नाहीतर मेच्या सुरुवातीला एखाद्या रात्री पारा शून्याखाली जातो. एका रात्रीत वर्षाचं पीक काळं पडतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये अनेक बागांचं तसंच झालं होतं. म्हणून पहाटे दोनला उठून ओळींमधून हे डबे पेटवायचे. हेक्टरी शेकड्यांनी लागतात. त्या वर्षी त्यांनी दोन रात्री जागून काढल्या होत्या.

नानांनी एक डबा उचलला, आत वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आपली शेकोटी." निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. भरत आलेल्या मण्यांना तडे जातात. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. लहानपणी मीही धुरात डोळे चोळत नानांच्या मागे फिरलेय. बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी नानांचा हात हातात घेतला. नाना जरा अवघडले, पण हात काढून घेतला नाही.

मग नानांनी तो प्रश्न विचारला. "यांचा माल कोण उचलतो?"

त्या प्रश्नामागे आमच्या घरातली एक जुनी जखम आहे. २००१ मध्ये राज्याचं वाइन धोरण आलं, आमच्याच तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झालं आणि नानांनी दोन एकरांवर शिराझ लावली. कंपनीशी करार होता. पहिली वर्षं बरी गेली. मग २००८ नंतर मंदी आली, वाइनला उठाव राहिला नाही आणि एका वर्षी ऐन काढणीत निरोप आला की यंदा माल घेणार नाही. वाइनची द्राक्षं बारीक आणि बियांची. ती बाजारात नेऊन कोण घेणार? तालुक्यात त्या काळात कित्येकांनी बागा तोडल्या, आमच्याही गेल्या. जेसीबी चालू असताना नाना घरात बसून होते. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. गेलं वर्षभर भाऊ पुन्हा वाइनची द्राक्षं लावायचं म्हणत होता आणि नाना ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

बाई म्हणाल्या, "कोणीच उचलत नाही. वाइन आम्हीच विकतो." त्यांच्याकडे यंत्रं नाहीत. द्राक्षं पंधरा मैलांवरच्या वाइनरीत जातात, तिथे मजुरी देऊन वाइन बनवून घेतात. इथल्या बऱ्याच लहान बागांचं असंच चालतं. नाना लगेच म्हणाले, "म्हणजे गिरणीसारखं. दळणाचे पैसे द्यायचे, पीठ आपलं."

पण बाईंनी गोड चित्र रंगवलं नाही. फेसाळ वाइन दोन-तीन वर्षं बाटलीत पडून राहते, तोवर पैसा अडकतो. चांगल्या वर्षी एकरी तीन टन, वाईट वर्षी काहीच नाही. २०१२ च्या खराब हवामानात नायटिंबरसारख्या मोठ्या नावाने त्या हंगामाची वाइनच बनवली नाही. त्यांना ते परवडलं. या बाई मात्र इतकी वर्षं शाळेत शिकवून बाग सांभाळत आल्या. नाना मान हलवत ऐकत होते.

परतताना नानांनी एक बाटली विकत घेतली, स्वतःच्या पैशांनी. आईने विचारलं, "आता ही कोण पिणार?" ते म्हणाले, "पाहुणा आला की दाखवू." रात्री भावाला फोन लावला. "अर्धा एकर लावून बघ. पण वाइन कुठं बनवून घेणार अन् कोणाला विकणार, ते आधी ठरव. मग कलमं आण."

तुम्हालाही जायचं असेल तर मे ते ऑक्टोबर हा काळ बरा. लहान बागांना आधी फोन करा. चालवणाऱ्याने वाइन तोंडात घेऊन थुंकायची किंवा सरळ पाणी प्यायचं. बाटलीवर 'इंग्लिश वाइन' लिहिलंय ना, ते बघा. 'ब्रिटिश वाइन' बहुधा आयात केलेल्या द्राक्षरसाची असते. लुईसजवळ टेकड्यांच्या कुशीत ब्रेकी बॉटम नावाची बाग आहे. पीटर हॉल यांनी ती १९७४ मध्ये लावली. कच्च्या रस्त्याने आत जावं लागतं, पण जरूर जा.

जानेवारीत पहाटे भावाने फोटो पाठवला. बागेत ओळीने शेकोट्या आणि धुरात कानटोपी घातलेले नाना. मी तो ससेक्सला पाठवून दिला. पाच मिनिटांत बाईंचं उत्तर आलं, "किती डिग्री?"

नानांना फोन करून विचारलं. म्हणाले, "लिही, चार. आणि विचार, त्यांच्याकडं किती?"