एसी चालू, वारा बेपत्ता!

एप्रिल-मे लागला की घरोघरी एकच तक्रार : 'एसी चालतोय, पण वारा लागत नाही.' निदानही ठरलेलं : 'गॅस गेला असणार!' प्रत्यक्षात गॅस बिचारा बहुधा जागेवरच असतो. चोर पकडायचा तर आधी फुकटातले संशयित तपासा, महागडे नंतर.

तीन मिनिटांत अख्खी खोली
एक टनाच्या एसीतून मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा फिरावी, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट. थोडक्यात, तीन मिनिटांत खोलीभर हवा एसीच्या पोटातून जाऊन येते. सोबत गादीची धूळ, कपड्यांचे तंतू आणि उदबत्तीचा धूर घेऊन. मग फिल्टर तुंबला नाही तरच नवल.

फुकटातली परीक्षा
एसी बंद करून फिल्टरच्या जाळ्या काढा आणि दोनच मिनिटं तसाच चालवून पाहा. वारा सुटला, तर गुन्हेगार तुमच्या हातातच आहे! धुताना पाणी जाळीच्या मागच्या, स्वच्छ बाजूने सोडा. समोरून सोडलं तर धूळ आणखी रुतते. वाळवायचं मात्र सावलीत, कारण कडक उन्हात प्लॅस्टिकची चौकट वाकते. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला हा कार्यक्रम केलेला बरा.

हवा शिरते माथ्यावरून
भिंतीवरचा स्प्लिट एसी हवा सोडतो खालून, पण ओढतो वरून. हौसेने केलेलं पीओपीचं सीलिंग एसीच्या डोक्याला टेकलं असेल, तर नवाकोरा एसीही मरगळतो. वर १०-१५ सेंटिमीटर जागा मोकळी हवीच.

ब्लोअरचं किटण
फिल्टर चकाचक, घरघर जोरात, तरी वारा मंदच? फ्लॅप उघडा असताना मेन स्विच बंद करा आणि आत टॉर्च मारा. आडव्या, लांब ब्लोअरवर पातळ, किंचित वाकलेल्या पात्यांची रांग दिसेल. पात्यांच्या खोबणीत करडं-काळं किटण भरलं असेल, तर ब्लोअर नुसताच फिरतो, हवा ढकलत नाही. स्वयंपाकघर हॉलला लागून असेल, तर फोडणीचा तेलकट धूर हे किटण आणखी घट्ट बसवतो. आता एसी पुन्हा चालू करून वर्तमानपत्राची पट्टी फ्लॅपसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जिथे फडफड थांबली, तिथे मळ साचला समजा. याला इलाज एकच : जेट सर्व्हिस.

गार करता करता गारठला
हवा कमी मिळाली की कूलिंग कॉइलचं तापमान शून्याखाली जातं. हवेतली वाफ तिच्यावर गोठते, पत्र्यांमधल्या एक-दोन मिलिमीटरच्या फटी बुजतात, वारा आणखी घटतो, बर्फ आणखी वाढतो. बर्फ दिसला तर सुरीने खरवडू नका, कॉइलला भोक पडेल. कूलिंग बंद करून नुसता फॅन मोड लावा आणि काही तास वाट पाहा.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे
तो वापरून संपत नाही, बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं तोच फिरतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. आणि गॅस घटला की आधी कमी होतो तो गारवा. वारा घटतो तो पुढे कॉइलवर बर्फ धरला तरच.

बिघाड नाही, बटणाची करामत
रिमोटवर चुकून 'ड्राय' दाबलं गेलं असेल, तर पंखा मुद्दामच हळू फिरतो. हवा कॉइलवर रेंगाळली की तिच्यातला दमटपणा जास्त निघतो. गंमत म्हणजे आधुनिक एसीचा जन्मच दमटपणावर तोडगा म्हणून झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. माणसांचा घाम नंतरची गोष्ट!

थंडीतलं मौन
'हॉट अँड कोल्ड' एसी हीटिंगवर लावल्यावर सुरुवातीला वारा येत नाही, तो शहाणपणा असतो. कॉइल तापेपर्यंत पंखा थांबतो, नाहीतर अंगावर गार झोत आला असता.

अमेरिकेत लेकीकडे गेलात तर
तिथे बऱ्याच घरांत वारा माळ्यातल्या किंवा तळघरातल्या डक्टमधून येतो. 'ही खोली वापरात नाही' म्हणून जाळ्या बंद करत सुटू नका. डक्टमधला दाब वाढतो आणि यंत्रातून एकूण हवाच कमी वाहते. अतिबारीक फिल्टर बसवला तरी काही यंत्रांना तसाच दम लागतो.

इथे हात आवरा
जुन्या एसीत पंखा संथ फिरण्यामागे कमजोर कपॅसिटरही असू शकतो. भाग लहान आणि स्वस्त, पण वीज बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक राहतो. हे काम मेकॅनिकचंच.

तेव्हा फोन लावण्याआधी फिल्टर धुवा, मोड तपासा, टॉर्च मारा. तरीही मेकॅनिक आला आणि झाकण न उघडताच 'गॅस भरावा लागेल' म्हणाला, तर त्याला एवढंच सांगा : 'आधी लीक दाखवा, मग गॅस भरा!'